पावसाळाभर उभी राहणारी बुलेट : पाटणच्या जवानाला उत्तर

पाटण तालुक्यातल्या एका जवानानं विचारलंय. गाडी ३५० सीसीची बुलेट, बीएस-६, तीन वर्षं झाली. मे महिन्यात गावच्या यात्रेला सुट्टी मिळते, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत हजर व्हायचं, पुढची सुट्टी थेट दिवाळीत. म्हणजे पाच महिने गाडी घरी उभी. मागच्या दिवाळीला आले तर बॅटरी मेलेली, टाकीच्या झाकणाखाली गंज, सीटखालच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. आणि हे सगळं वडील दर रविवारी न चुकता गाडी पाच मिनिटं चालू करून ठेवत असताना. आता या जवानाची बदली लेहला झालीय. तिथले सोबती हिवाळ्यात गाड्या झाकून ठेवतात, त्यांची पद्धत ऐकून ते विचारतात, तसंच गावाकडे केलं तर चालेल का?

मी साताऱ्यात तीस वर्षं गाड्यांचं काम करतोय. माझ्याकडे दर दिवाळीला अशा पंधरा-वीस गाड्या येतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फौजी भावांच्या असतात. वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या माणसाच्या सुट्टीतले चार दिवस गॅरेजच्या बाकावर जातात, हे मला बघवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लेहचं. तिथली थंडी उणे वीसच्याही खाली जाते, पण हवा कोरडी. लोखंड गंजायला पाणी लागतं आणि तिथल्या हवेत ते फार थोडं असतं. तिथं मारते ती बॅटरी. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासलासुद्धा गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरतं आणि ते उणे सात-आठच्या आसपास गोठून खोकं फोडतं. पाण्यानं थंड होणारं इंजिन असेल तर त्यात साधं पाणी नको, न गोठणारं कूलंट हवं. बुलेट हवेवर थंड होते, तो प्रश्न नाही. म्हणजे तिथं बॅटरी काढून खोलीत आणली, टाकी भरली, गाडी झाकली, की बरंचसं काम झालं.

पाटणला उलट. आपल्याकडची थंडी गाडीला काहीच करत नाही. कोयनेच्या खोऱ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला ओल असते, कपाटातल्या चपलेवर बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही. त्या हवेत गाडी उभी राहणार आहे. त्यामुळे थंडीसाठी सांगितलेली यादी जशीच्या तशी उचलू नका. तुमचा शत्रू ओल आहे. पुढचं सगळं त्याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आता वडिलांचं रविवारचं पाच मिनिटं. हे प्रेमानं होतं, मला माहीत आहे. ते गाडी पुसत असतील, सेल मारत (बटणानं गाडी चालू करत) असतील, आवाज ऐकून पोरगं घरी आल्यासारखं वाटत असेल. पण सगळ्यात जास्त नुकसान त्याच पाच मिनिटांत होतं, आणि ते का, हे त्यांना नीट समजावून सांगा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी वीस मिनिटं रस्त्यावर पळाली तर इंजिन आणि सायलेन्सर इतके तापतात की ती वाफ बाहेर निघून जाते. जागेवर पाच मिनिटं चालवली तर सायलेन्सरची पुढची नळी तेवढी तापते, मागचा भाग कोमटच राहतो आणि वाफ आतच पाणी होऊन बसते. इंजिनातही तेच. गेल्या वर्षी अशाच एका गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर झाकणाच्या आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट पिवळा थर. बोटाला घेतला तर गुळगुळीत, पण तेलाचा चिकटपणा नाही. ऑइल आणि पाणी घुसळून झालेलं मिश्रण होतं ते. बावीस रविवारचं पाणी. त्यात जळालेल्या पेट्रोलचं आम्लही मिसळतं आणि ते बेअरिंगवर काम करत राहतं.

बॅटरीचंही तसंच. १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना पुढचा दिवा बंद करायचं बटण नाही, इंजिन चालू की दिवा चालू. सेल मारताना बॅटरीतून जेवढं गेलं, तेवढं मंद चालीवर पाच मिनिटांत परत भरत नाही. दर रविवारी थोडं थोडं कमी. वडिलांना वाटतं आपण चार्ज करतोय, प्रत्यक्षात ते बॅटरी उतरवत असतात.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे. एक तर घरात कुणी दर आठ-दहा दिवसांनी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर खरोखर चालवणारा असावा. धाकटा भाऊ, मेव्हणा, कुणीही, लायसन असलेला. नाहीतर गाडी पूर्ण झोपवा आणि दिवाळीपर्यंत चावी लावू नका. मधला मार्ग नाही. तुमचे वडील गाडी चालवत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे झोपवायचीच.

कशी झोपवायची ते सांगतो. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कोरडं ऊन बघून गाडी धुवा. चिखल मडगार्डच्या आतून, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या खालून, स्टँडच्या कोपऱ्यातून काढा, कारण चिकटलेली माती ओल धरून ठेवते आणि गंज तिच्याखालून सुरू होतो. प्रेशर पंपाचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या मुठीवर, मीटरवर धरू नका. धुवून झालं की लगेच पाटणहून मल्हारपेठेपर्यंत जाऊन परत या. वाऱ्यानं पाणी उडतं, इंजिन आणि सायलेन्सर आतून कोरडे होतात, ऑइल पातळ होतं. घरी आल्यावर गरम असतानाच ऑइल काढा आणि फिल्टरसकट नवीन भरा. बरेच लोक म्हणतात, उभीच राहणार आहे तर नवीन ऑइल कशाला, दिवाळीला बदलू. नेमकं उलट आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, पाच महिने ते इंजिनात ठेवायचं नाही. आता बदललंत आणि गाडी चालू केली नाहीत, तर दिवाळीला तेच ऑइल पुढे चालतं, दुहेरी खर्च नाही. नवीन ऑइल भरल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन फिरवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग बंद.

आता पेट्रोल, ज्यावर मला जरा जास्त बोलायचंय. पूर्वी आम्हीच सांगायचो, पेट्रोल सहा महिने टिकतं, काळजी नको. आता तसं सांगत नाही. २०२३ पासून पंपांवर ई-२० यायला लागलं, आज जवळपास सगळीकडे तेच मिळतं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. आपल्या सातारा-सांगलीच्या उसातूनच यातलं बरंच इथेनॉल येतं, त्यामुळे त्याला वाईट म्हणायचं नाही, पण त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवली तर उरलेल्या जागेत हवा. दिवसा ती हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत येते, आणि त्यातली ओल इथेनॉल पिऊन घेतं. एका मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक गोष्ट सांगतो. एका गाडीच्या टाकीच्या तळाचं पेट्रोल मी काचेच्या स्वच्छ बाटलीत काढलं आणि खिडकीत ठेवलं. दहा मिनिटांनी बाटलीत दोन थर. वरचा पिवळसर, पेट्रोलच्या नेहमीच्या रंगाचा. खालचा बोटभर, जवळजवळ रंग नसलेला, आणि त्यात तांबूस कण तरंगत होते, टाकीच्या पत्र्याचा गंज. पंप टाकीच्या तळाशी असतो, म्हणजे सेल मारल्यावर इंजिनाला पहिल्यांदा जातो तो हा खालचा थर. गाडी चालू होणार कशी?

म्हणून टाकी भरा. काठोकाठ नाही, गळ्याच्या खाली दोन बोटं मोकळी, कारण उन्हानं पेट्रोल फुगतं. भरताना वर्दळीच्या पंपावरून भरा, जिथं साठा रोज फिरतो. आणि त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल उभ्या गाडीत खराब होऊ न देणारं द्रावण, घाला. सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात मिळतं, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. मात्र ते पंपावर निघण्याआधी टाकीत टाका, म्हणजे पेट्रोल वरून पडताना मिसळेल, आणि मल्हारपेठेच्या फेरीत ते इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनाला पेट्रोल फवारणाऱ्या तोटीपर्यंत, पोचेल. टाकी रिकामी ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तुमच्यासारख्या इंजेक्शनच्या गाडीला तो ऐकू नका. रिकामा पत्रा आतून गंजतो, आणि आतला पंप व त्याची रबरं पेट्रोलमध्येच बुडलेली बरी.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला थोडं वेगळं. टाकी तशीच भरायची, पण कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सैल करायचा आणि वाटीतलं सगळं पेट्रोल काढून टाकायचं. नाहीतर ते सुकून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, डिंकासारखा थर बसतो.

भरलेली टाकी घरात ठेवायची म्हणजे जागा विचारपूर्वक निवडा. चूल, देवघरातली समई, इन्व्हर्टर यांच्या जवळ नको, आणि जागेला वारा हवा. गावाकडे तीन ठिकाणं असतात: गोठा, पत्र्याचं शेड, घराची पडवी. गोठा अजिबात नको. जनावरांच्या मुताचा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे वायरिंगचे कपलर (जोड) उघडले की आत हिरवी भुकटी निघते, आणि मग कधी इंडिकेटर लागत नाही, कधी मीटरवर इंजिनाचा दिवा येतो, वर्षभर दुखणं पुरतं. युरिया-पोटॅशची पोती जिथं रचलीत तिथंही नको, खत हवेतली ओल ओढतं आणि त्याचं मीठ लोखंडावर बसतं. पडवी सगळ्यात बरी, पावसाची झड येत नसेल अशा कोपऱ्यात. जमीन मातीची किंवा सारवलेली असेल तर आधी जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर लाकडी फळ्या, आणि मग मधल्या स्टँडवर गाडी. ओल जमिनीतूनही वर येते, हे लोक विसरतात.

टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा. स्टँडवर मागचं चाक उचललेलं राहतं, पुढचं टेकतं, त्याच्याखाली फळी असू द्या. चेन डिझेलच्या बोळ्यानं पुसून कोरडी करा आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे कडी-कडीला लावा. चेन पेट्रोलनं कधीच धुवू नका, आतल्या रबरी रिंगा खराब होतात. उघड्या नटांवर, स्पोकवर, स्टँडच्या स्प्रिंगवर तेलाचा हलका हात फिरवा. ब्रेकच्या डिस्कवर मात्र तेलाचा थेंबही नको, स्प्रेसुद्धा नको. तिच्यावर गंजाचा पातळ थर येईल, येऊ द्या, तो ब्रेक मारल्यावर निघतो. तेल पॅडमध्ये मुरलं तर निघत नाही, आणि मग ब्रेक लागत नाही.

स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं का, असंही तुम्ही विचारलंय. पाच महिन्यांसाठी गरज नाही. वर्षाच्या वर गाडी उभी राहणार असेल तर कराच, पण ते मेकॅनिककडून.

बॅटरी काढून घरात आणा. चावी बंद असली तरी घड्याळ आणि इंजिनाचा कॉम्प्युटर थोडा करंट खात असतात, अलार्म लावला असेल तर आणखी जास्त. आधी उणे टोक सोडवा, मग अधिक. बसवताना उलट, आधी अधिक, मग उणे. हा क्रम लक्षात ठेवा, पान्याचं दुसरं टोक चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) लागून ठिणगी उडण्याचा धोका टळतो. पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या वर दिसते. १२.४ ला आली की चार्ज करायची, १२ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहू दिली तर आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ते परत विरघळत नाहीत. वडिलांना एवढंच सांगा, महिन्यातून एकदा बॅटरी पिशवीत घालून बॅटरीच्या दुकानात न्यायची आणि हळू चार्ज करून आणायची. ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) असेल तर साधारण पाऊण ते एक अँपिअरवर. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात भरून द्या म्हणायचं नाही, छोटी बॅटरी फुगते.

उंदीर. पावसात त्यांची बिळं भरतात आणि ते घरात येतात. एका गाडीचा एअर फिल्टर उघडला तर आत घरटं: पोत्याचे धागे, भुईमुगाची टरफलं, सीटचा फोम आणि फिल्टरचा कागद दातांनी बारीक केलेला. मध्ये बोटाएवढी उघड्या अंगाची चार पिल्लं. त्याच डब्यातून जाणाऱ्या वायरीचं प्लास्टिक हातभर सोललेलं. डांबरगोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही, वास उडाला की उंदीर परत येतात. वाटाच बंद करा. सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा बसवा. हवा ओढायच्या तोंडाला बारीक तारेची जाळी घट्ट बांधा. जवळ धान्य, पेंड, शेंगा ठेवू नका, शेजारी उंदराचा पिंजरा लावा. आणि कुठं काय कोंबलंय ते एका कागदावर लिहून तो कागद चावीला बांधा. दिवाळीच्या गडबडीत बोळा तसाच राहून सेल मारणारे मी पाहिलेत.

झाकायला प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका. आतून घाम येतो आणि गाडी महिनोन्‌महिने ओल्या पिशवीत राहते. वाकळही नको, ती ओल धरते. आईचं जुनं सुती लुगडं घ्या, ते सैल पसरा. गळतीची भीती असेल तर ताडपत्री वर दोन-तीन हातांवर दोरीनं ताणा, गाडीला टेकू देऊ नका.

वडिलांना रविवारचं काम हवंच असेल, आणि ते असावं, तर हे द्या. लुगडं काढायचं, कोरड्या फडक्यानं गाडी पुसायची, उघडीप असेल तर तासभर वारा लागू द्यायचा. मागचं चाक हातानं पाव फेरा फिरवायचं. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेला फोम, पेट्रोलचा वास, एवढं बघायचं. दोन-चार वेळा क्लच दाबून सोडायचा. खंडेनवमीला गाडी पुजायची असते, तेव्हा हळदीकुंकू लावा, झेंडूचा हार घाला, नारळ फोडा, चावी मात्र लावू नका.

विम्याचंही बघा. गाडी उभी आहे म्हणून विमा संपू देऊ नका. चोरी, आग, पूर हे उभ्या गाडीलाच गाठतात. आणि संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साठलेली नो क्लेम सूट (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी) जाते. पीयूसीची तारीखही कागदावर लिहून ठेवा.

नदीकाठी घर असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण कोयना-कृष्णेला पाणी कधी चढेल सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. त्यानंतर सांगलीच्या गावभागातून माझ्याकडे आलेल्या गाड्यांचं ऑइल काढलं तर दुधाच्या कॉफीसारखं. ज्यांनी पाणी ओसरल्यावर सेल मारून बघितला नव्हता, त्यांची इंजिनं धुवून-पुसून, दोन-तीनदा ऑइल बदलून वाचली. ज्यांनी मारला, त्यांच्यातल्या काहींचा कनेक्टिंग रॉड वाकला, कारण सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. बुडालेल्या गाडीचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजला न्या. चावी लावू नका.

आता दिवाळीला आल्यावर. घाई करू नका, अर्धा तास द्या. आधी चावीचा कागद वाचा, बोळा आणि जाळी काढा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलसारखा तिखट असेल तर ठीक, रंगरोगणासारखा आंबूस असेल तर सगळं काढून टाका. हवा, ऑइलची पातळी, वायरी बघा. चार्ज केलेली बॅटरी बसवा. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात, म्हणून इंजिन बंद ठेवून, गिअर टाकून, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकला, सुटल्याचं हाताला कळतं. मग चावी लावा, पंपाचा सुंऽऽ आवाज थांबू द्या, बंद करा, पुन्हा लावा, असं दोन-तीनदा करा, म्हणजे नळीत दाब येईल. त्यानंतर सेल मारा. चालू झाल्यावर ॲक्सिलरेटर पिळू नका, ऑइल वर चढायला दोन मिनिटं द्या.

पहिले ब्रेक गल्लीतच मारून बघा, दहाच्या वेगात, आधी मागचा, मग पुढचा. पाच-सहा वेळा खरखर येईल, तो डिस्कवरचा गंज निघतोय. मग मल्हारपेठेपर्यंत जाऊन या आणि वाटेत ताजं पेट्रोल घाला. परत येईपर्यंत खरखर थांबलेली असते. थांबली नसेल किंवा ब्रेक एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपरचा (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन जाम आहे, तो खोलून साफ केल्याशिवाय घाटात गाडी नेऊ नका.